अण्णांची विखारी वाक्यं

त्या काळात मला रोज कुणाला तरी बदडावंसं वाटायचं. कारखान्यातल्या सुपरवायझरला, बसमध्ये कोपर मारणाऱ्याला, आणि सगळ्यात जास्त आमच्या भिंतीवरच्या तारखांच्या कॅलेंडरला. रोज पान फाडलं की मागे एक सुविचार. प्रेमाने जग जिंकता येतं म्हणे! अगं बाई, तू आमच्या पाळीत ये एकदा, मग सांग. मी पेन घ्यायची, सुविचारावर काट मारायची आणि खाली दुसरं वाक्य लिहायची. ती वाक्यं माझी नसायची. ती कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्या अण्णांची.

मारतहळ्ळीच्या आमच्या गल्लीत त्यांचं कॉफी दळून द्यायचं दुकान होतं. मूळचे सेलमचे, तमिळ, पण इथे राहून राहून केस पांढरे झालेले. मी निपाणीकडची, मला कन्नड घरच्यासारखंच, अण्णाही कन्नडच बोलायचे, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. बिया मशीनमध्ये पडल्या, घरघर सुरू झाली, की अण्णा ओरडून काहीतरी विखारी बोलायचे. "माणूस देवळात दोन कारणांनी जातो. काही मागायला, नाहीतर शेजाऱ्याला मिळालेलं परत काढून घेता येतं का ते विचारायला." कधी म्हणायचे, "लग्नात रडतात ते खरे नातेवाईक, आणि किती पानं उठली ते मोजतात ते जवळचे." मी तिथेच खदाखदा हसायची. घरी येऊन मराठीत उतरवायची. सासूबाई म्हणायच्या, "कसली गं ही भरताड! चांगलं काही लिहावं की." मी म्हणायची, चांगलं छापील येतंच आहे की फुकट.

खरं सांगते, ती वाक्यं वाचली की कुणाच्या तरी मुस्काटात दिल्याचं समाधान मिळायचं. हात न उचलता.

अण्णांची निम्मी वाक्यं त्यांच्या घरमालकावर असत. त्याला सगळी गल्ली ओनर म्हणायची. दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहायचा, रेड्यासारखा गडी, आवाजही तसाच. त्याला ते दुकान जावयासाठी हवं होतं आणि अण्णा सोडत नव्हते. कोर्टात केस चालू होती. रोज सकाळी ओनर जिन्यातून अण्णांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. एकदा तर त्यानं दुकानाची वीजच तोडली. अण्णा मला म्हणाले, "चांगुलपणा याच्या घरावरून जातो तेव्हा पाय न वाजवता जातो. भाडं मागेल म्हणून." ते वाक्य मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. मला तो माणूस इतका नकोसा होता की जिन्यातून पडून त्याचं तंगडं मोडावं असं मी एकदा गणपतीसमोर मनात म्हटलं होतं.

मग कावेरीच्या पाण्यावरच्या कन्नड-तमिळ भांडणात शहर पेटलं. शाळा बंद, बस बंद, म्हणून मी घरीच. नवरा कारखान्यातच अडकलेला. शहराच्या बाजूला धूर दिसत होता आणि तमिळ माणसांना घरातून ओढून मारताहेत अशा बातम्या येत होत्या. गल्लीतल्या प्रत्येक दुकानावर कन्नडचा पिवळा-लाल झेंडा चढला. अण्णांच्या दुकानावर नव्हता.

"लावा हो अण्णा," मी म्हटलं.

"झेंडा म्हणजे कापडाला आलेला माज," ते म्हणाले. पण नजर सारखी गल्लीच्या तोंडाकडे जात होती. आतल्या खोलीत त्यांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणायचो, देवापुढे बसून काहीतरी पुटपुटत होती.

मी तडक घरी गेले. हळदीकुंकवाला मिळालेले खण-पीस पेटीत भरपूर होते. एक पिवळा काढला, एक लाल, मशीनवर टीप मारली आणि नेऊन अण्णांच्या हातात दिला. निघताना बजावलं, "वर हळद, खाली कुंकू. लक्षात ठेवा." सासूबाई घरी एकट्या होत्या, म्हणून मी लगेच परत फिरले.

गॅलरीत येऊन बघते तर अण्णांनी शटर निम्मं ओढून झेंडा टांगलेला. लाल वर, पिवळा खाली! हाक मारायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी ती पोरं दिसली. सायकलच्या चेन, दांडकी, एकाच्या हातात रॉकेलचा डबा. झेंडा नसता तर एखाद्या वेळेस पुढे गेलीही असती. कुणीतरी ओरडलं, "झेंडा उलटा! आपली थट्टा करतोय!" झालं. सगळे दुकानावर तुटून पडले.

मला काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. ओट्यावरच्या खलातला लोखंडी बत्ता उचलला आणि अनवाणी धावले. तोवर अण्णांना त्यांनी गळपट्टी धरून रस्त्यावर आणलं होतं. एकानं थोबाडीत मारली, चष्मा उडाला, दुसऱ्यानं तो टाचेखाली चिरडला. मारणाऱ्यांत दर शनिवारी पाव किलो कॉफी नेणारा एक बाप्या होता. अण्णांशी गप्पा मारत तासभर उभा राहायचा मेला! आता त्यांच्या बरगडीत लाथ घालत होता. भला माणूस म्हणजे ज्याच्या हातात अजून कुणी काठी दिलेली नाही असा माणूस, हे अण्णांचंच वाक्य. तेव्हा मी त्यावर टाळी दिली होती.

डबेवाल्याच्या मनगटावर मी बत्ता घातला. हाड वाजलेलं मला ऐकू आलं. डबा खाली पडला, रॉकेल वाहायला लागलं. पुढच्या क्षणी माझे केस कुणाच्या तरी मुठीत होते आणि मी गटारात. खांदा निखळल्यासारखा झाला. आतून मशीन फोडल्याचा आवाज, अक्काची किंकाळी. मला वाटलं, संपलं. आज ही दोघं जळणार आणि मी गटारातून बघणार.

तेवढ्यात वरून ओनर उतरला. कमरेला नुसता पंचा, हातात नारळ सोलायचा कोयता. मला वाटलं, हाही आता हात धुऊन घेणार.

तो सरळ अण्णांच्या अंगावर पाय फाकून उभा राहिला आणि असा गरजला की गल्ली हादरली. "हा माझा भाडेकरू आहे रे भडव्यांनो! याला हाकलायचा हक्क फक्त माझा! तुमच्याकडे कोर्टाची ऑर्डर आहे? आणा, दाखवा!"

दोघं-तिघं हसले. त्यानं कोयता फिरवला. एकाच्या खांद्यातून रक्ताची चिळकांडी उडाली आणि हसू थांबलं. मग त्याच्यावर चारी बाजूंनी चेन पडायला लागल्या. एक चेन सपकन डोळ्यावर बसली. तरी तो हलेना. एका हातानं डोळा दाबून दुसऱ्या हातानं कोयता चालवतच राहिला, आणि तोंड अखंड चालू. मजा म्हणून आलेले आधी पळाले. मग पाव किलोवाला पळाला. मग सगळेच.

ओनरनं अण्णांना काखोटीला मारून आत ढकललं, शटर ओढलं आणि त्याला पाठ लावून रस्त्यात बसला. चेहऱ्याची डावी बाजू रक्तानं भरलेली. पोलीस येईपर्यंत तो अण्णांना शिव्या घालत होता. "साधा झेंडा लावता येत नाही गाढवाला!"

दवाखान्याच्या व्हरांड्यात अण्णा बरगड्यांना पट्टा बांधून बसले होते. म्हणाले, "त्यानं इमारत वाचवली. मला नाही."

माझा खांदा ठणकत होता, डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "अण्णा, आता आणखी एक शब्द बोललात तर उरलेल्या बरगड्या मी मोडीन." इमारतीचं ते वाक्य मी कॅलेंडरवर लिहिलं नाही.

ओनरचा डावा डोळा गेला. तो घरी आला तोवर अण्णा-अक्कानं सेलमला मुलाकडे जायचं ठरवलं होतं. बोचकी बांधून झाली होती. चाव्या द्यायला अण्णा वर निघाले आणि मला म्हणाले, "तू ये बरोबर." मला कळलं, ते घाबरले होते. मार खाताना घाबरले नव्हते इतके.

ओनर खाटेवर बसला होता, डोळ्यावर हिरवं फडकं. अण्णांनी चाव्या त्याच्यापुढे ठेवल्या. "घे. जिंकलास. केस काढून टाक."

ओनरनं जुडगा उचलला आणि भिरकावून अण्णांच्या तोंडावर मारला. ओठ फुटला.

"दंगलीनं रिकामी करून दिलेली जागा मी घेऊ? थू! उद्या गल्ली म्हणेल, ती पोरं यानंच आणली. कोर्टात उभा राहा. तिथे तुला हरवीन, मग तुझं सामान माझ्या हातानं रस्त्यावर फेकीन. तोवर सेलमला पळालास तर तिथे येऊन तंगडी तोडीन!"

अण्णांनी वाकून चाव्या उचलल्या. जिन्यात पोचल्यावर पायरीवर बसले आणि ओठाचं रक्त पुसत मोठमोठ्यानं रडले. मी शेजारी बसले. मलाही रडू आवरेना, आणि रागही. कुणाचा, ते सांगता येत नव्हतं.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय करणार! शटर उघडायचं. हा हरामखोर मला सुखानं पळूसुद्धा देत नाही."

पुढच्या तारखेला दोघं एकाच रिक्षानं कोर्टात गेले. गल्लीच्या तोंडाशी रिक्षात चढताना भांडत होते, भाडं कुणी द्यायचं यावरून. ओनरना डाव्या बाजूचं काही दिसत नव्हतं. अण्णा त्यांच्या डावीकडे बसले.