माइकवाले चाचा

आमच्या भागात भाषण किती वेळ चालायचं हे वक्ता ठरवत नसे, माइकवाले चाचा ठरवत. औंढ्याला त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्न असो, शाळेचं गॅदरिंग असो की सरकारी मेळावा, सेट त्यांचाच. वक्ता लांबायला लागला की चाचा मशीनचं बटण केसाएवढं मागं फिरवत. दोन मिनिटांनी आणखी केसाएवढं. वक्त्याला वाटे, आपलाच घसा बसला. तो पाणी पिई, खाकरे आणि शेवटी "माझे दोन शब्द संपवतो" म्हणून खाली बसे. चाचांनी असे कितीतरी मोठे लोक खाली बसवले आणि एकालाही पत्ता लागला नाही.

मी तेव्हा कृषी सहायक म्हणून नवीन होते. बंजाऱ्यांच्या तांड्यावर वाढलेली, घरात आम्ही गोरमाटी बोलायचो, मराठी मी शाळेत शिकले. चारचौघांत शब्द चुकेल या भीतीनं तोंडच उघडत नसे. पहिल्याच मेळाव्यात मी बावीस स्लाइड भिंतीकडं तोंड करून वाचल्या. वळून बघते तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, लोक बाहेर भज्यांच्या गाड्यावर. साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात हळदीचा मेळावा आहे. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, दुसऱ्या कुणाला देऊ."

त्या साली माझ्याच गावांमध्ये हळदीचे कंद कुजले होते. चिखल तुडवत शेत न् शेत मी पाहिलं होतं. ते दुसऱ्यानं सांगायचं? मी "जमेल" म्हणाले आणि बाहेर वायरी गुंडाळत बसलेल्या चाचांपाशी जाऊन रडले.

"रडून काय व्हते?" चाचा माझ्या तोंडाकडं निरखून बघत म्हणाले. "रविवारी दुकानात या."

रविवारी त्यांनी माझ्या हातात माइक दिला.

"चालू आहे?"

"न्हाई, बंद हाय. चालू माइकवर कुनीबी बोलते." समोर चाची तूर निवडत बसल्या होत्या. "मला काय समजते शेतीतलं? हिला सांगा."

मी सुरू केलं, "सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर..."

चाचांनी हात वर केला. "मान्यवरायला सोडा. ते जेवनाला थांबून राहिले, कुठं जात न्हाईत. शेतकऱ्याला धरा, त्याची बस जाते."

हळदीच्याही मी बावीसच स्लाइड केल्या होत्या. बारा मिनिटं बोलले. बुरशीची शास्त्रीय नावं झाली, एकात्मिक व्यवस्थापन झालं. चाचा एकदाही माझ्याकडं बघत नव्हते, त्यांची नजर चाचींच्या चेहऱ्यावर. माझं संपल्यावर चाचींनी सुपातून मान वर केली. "व्हय बाई, मग करायचं काय?"

त्याचं उत्तर होतं. एकोणिसाव्या स्लाइडवर, बारीक अक्षरात.

तीन रविवार हेच चाललं. चाचींनी तोंड वाकडं केलं की चाचा म्हणत, "हे काटून टाका." मी काटत गेले. बावीसच्या अकरा झाल्या, अकराच्या चार. एकदा मी म्हणाले, "चाचा, मला माझ्या मराठीची लाज वाटते." चाचा खो खो हसले. "अन् माझी? जनम गेला, अजून हलदीला हलदच म्हनून राहिलो. लोक हसतात. पन त्याच्यानं हलदीचा भाव पडला का कधी?"

मेळावा कळमनुरीच्या एका मंगल कार्यालयात होता. माझ्याआधी साहेब उभे राहिले. चाचांचा हात तीनदा बटणाकडं गेला, तेव्हा कुठं ते बसले. मी माइक घेतला आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य साफ विसरले. चाचा माइक तपासताना आकडे म्हणत नसत, गावांची नावं घेत. तीन रविवार ऐकून तेच माझ्या जिभेवर बसलेलं. मी म्हणाले, "हॅलो, हॅलो... हट्टा, कलमनुरी, औंढा..."

होय, 'कलमनुरी'च म्हणाले.

सगळा हॉल हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "हट्टा हजर हाय, बाई!" मलाही हसू फुटलं, आणि आता याहून वाईट काय होणार, असं वाटून पिशवीतला कुजका कंद काढून मी वर धरला. "हा वास कुणाकुणाच्या शेतात आलाय?" हातच हात वर. मग करायचं काय, ते सांगितलं. बेणं औषधाच्या पाण्यात भिजवा, सावलीत सुकवा, मगच लावा. साचलेल्या पाण्याला वाट काढून द्या. एक आजोबा उठले, "किती येळ भिजवायचं?" मग प्रश्नांवर प्रश्न. शेवटी भजीवालाही झारा हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला.

"कसं झालं?" मी नंतर चाचांना विचारलं.

"बराबर," एवढंच म्हणून ते सेट पेटीत भरायला लागले.

पुढं चाचांनी धंदा जावयाच्या हवाली केला. मी भेटायला गेले, तर चाची त्यांच्याशी ओरडून बोलत होत्या. तेव्हा कळलं. भोंग्यांशेजारी आयुष्य काढून चाचांचे कान कधीच गेले होते. माझ्या मेळाव्याच्याही आधी. समोर बसलेल्याचे ओठ बघून ते वेळ निभावून नेत.

"म्हणजे माझं भाषण तुम्ही ऐकलंच नाही?"

"बघितलं ना," चाचा म्हणाले. "मानूस खुर्चीत मागं रेलला की समजायचं, भाषन मेलं. तुमच्या टायमाला मागची सारी लाइन पुढं सरकून बसली होती."



त्यांच्या मुलीनं त्यांना कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. ते कानात काही दिसेना. "काहून काढलं?" मी विचारलं.

"एका मेलाव्याला लावून गेलो, मॅडम. इतके वर्ष लोक इतकं खराब बोलून राहिले, मला पत्ताच नव्हता. लई तकलीफ झाली."

परवा औंढ्याजवळच्या एका गावात माझा कार्यक्रम होता. चाचा आले आणि पार मागच्या रांगेत बसले. मी बोलायला उभी राहिले, तसा त्यांचा हात कानाकडं गेला. यंत्र लावायला की काढायला, ते एवढ्या लांबून दिसेना.

त्या दिवशी मी दहाच मिनिटं बोलले.