तळहाताएवढी हिरवी जागा

कुठलंही यंत्र दिसलं की त्यावर तळहात ठेवायचा, ही माझ्या सासऱ्यांची खोड. फ्रिज असो, शिलाई मशीन असो, नाहीतर माझ्या नवऱ्याची स्कूटर. हात टेकवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "झालं गरम. जाऊ दे आता." फ्रिजलासुद्धा!

मी गाड्या रंगवते. घराखालीच माझं गॅरेज आहे, आणि रंगाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण ओल्या बॉनेटवर सासऱ्यांचा पंजा उमटला की माझा पारा चढायचा.

"बाबा, हात खिशात ठेवा हो!"

"बरं, सूनबाई," म्हणायचे आणि पुढच्या गाडीकडे वळायचे.

तरुणपणी ते हवाई दलात मेकॅनिक होते, हिवाळाभर बर्फात बुडालेल्या एका विमानतळावर. थंडी सुरू झाली की हिरव्या विमानांवर झाडूने पांढरा रंग फासायचा, म्हणजे बर्फात उभी असताना ती वरून दिसायची नाहीत. साधा, पाण्याने निघणारा रंग. बर्फ वितळला की धुऊन टाकायचा, पण तोवर निम्मा आपोआपच उडालेला असायचा. तिथे कॅमेऱ्याला बंदी, त्यामुळे त्यांच्या देखरेखीखालच्या विमानाचा एकही फोटो नाही. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजर आता फार दिवस टिकायची नाही. त्यावर सासरे एवढंच बोलले, "माझं विमान एकदा बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, त्यात काय! बघालच. त्याच विमानाच्या छोट्या प्लॅस्टिक मॉडेलचा खोका आणला, सुटे भाग जोडले. आधी हिरवा रंग, त्यावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर पांढरा. मग पाणी लावून जुन्या टूथब्रशने घासलं की मधला स्प्रे विरघळतो, पांढरं सुटतं आणि खालचं हिरवं डोकावतं. पायलट जिथून पंखावर चढतो तिथे जास्त घासलं. धुराच्या नळ्यांमागे काजळी दिली. काम असं फक्कड जमलं की मीच माझ्या हातांवर खूश.

सासऱ्यांनी ते खिडकीत नेलं, अगदी नाकाला लावून बघितलं.

"छान आहे. पण माझं नाही."

"का? काय कमी आहे?"

"सांगता आलं असतं तर सांगितलं नसतं का? हे कुणाचंही असेल, सूनबाई."

अस्सा राग आला! दुसरं रंगवलं. तेही त्यांचं नाही. नवरा म्हणाला, "अगं, कशाला एवढं मनावर घेतेस?" त्याला म्हटलं, तू गप्प बस. समोर ठेवलेला कपही सासरे आता चाचपडून शोधायला लागले होते. उशीर करून चालणारच नव्हतं.

एका सकाळी एका गाडीला शेवटचा हात मारून मी पाणी प्यायला आत गेले. बाहेर येते तर बॉनेटवर पंजा! ओरडायला तोंड उघडलं, आणि तशीच थांबले.

"बाबा, विमानालाही असाच हात लावायचात?"

"मग! हातमोजा काढून. नाकावर, डाव्या बाजूला. इंजिन तापलंय का, ते हातालाच कळतं. त्याशिवाय पायलटला सोडायचो नाही मी."

"रोज?"

"रोज. एकाच जागी."

अहो, मग तिथला रंग राहील कसा! धावत वर गेले. मॉडेलच्या नाकाच्या डाव्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढ्या जागेत, ओला ब्रश अलगद फिरवत राहिले. पांढरं गेलं, हिरवं दिसलं. वरून वॉर्निश मारलं आणि वाळायचीही वाट न बघता खाली आणलं.

सासऱ्यांनी ते उन्हात धरून फिरवलं. नाकापाशी येऊन थांबले.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच. इतकी वर्षं माझ्या प्रत्येक गाडीवर सांगताय की!"

ते हसले. मग त्या हिरव्या ठिपक्यावर अंगठा ठेवून त्यांनी डोळे मिटले.

"झालं गरम," ते म्हणाले. "जाऊ दे आता."

वॉर्निश ओलंच होतं. अंगठा पक्का उमटला. मी ओरडले नाही. डोळे पुसले आणि ठसा तसाच राहू दिला.