आबा, त्यांची कंबर आणि स्पोर्ट बटन

"दोनच सीटा?" आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारून विचारलं. "मंग बाकीना लोके कोठे बसतीन?"

बाकीचे लोक तिथेच उभे होते. जळगावातल्या जुन्या गाड्यांच्या एका शोरूममध्ये एक लाल स्पोर्ट्स कार बघायला धुळ्याहून जीप भरून मंडळी आली होती. गाडी घेणार होते प्रमोदभाऊ. त्यांचं धुळ्यात ठिबकच्या सामानाचं दुकान आहे. सोबत त्यांच्या मिसेस, मेहुणे आणि वडील, म्हणजे आबा. आमच्याकडे गाडी बघायला कुणी एकटं जात नाही. गाडीत दोन माणसं मावत असली तरी तिच्यावर मत सगळ्यांचं असतं.

माझं काम जुनी गाडी तपासून रिपोर्ट देण्याचं. पैसे गाडी घेणारा देतो, विकणारा नाही. त्यामुळे शोरूमवाले शेठ मला चहा विचारतात, पण साखर कमी घालतात.

"इंजिनिअर," प्रमोदभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "इंजिन, गिअर सगळं बघा. पण मला एकच गोष्ट खात्रीने सांगा. आबांना यात बसवता येईल का?"

आबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. त्याआधी त्यांनी कितीतरी वर्षं साक्री ते धुळे काळी-पिवळी चालवली होती. ऑपरेशननंतर लांबचा प्रवास बंद. घरची कुठलीच गाडी कंबरेला मानवत नव्हती; जळगावलाही ते जीपच्या मागच्या सीटवर आडवे पडूनच आले होते. लहानपणी प्रमोदभाऊंना स्पोर्ट्स कारचं वेड लागलं ते त्याच काळी-पिवळीत, बापाच्या शेजारी, गिअरच्या दांड्याला पाय लावून बसताना. आता स्वतःच्या लाल गाडीत आबांना बसवून साक्रीला न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. शेठनी सांगितलं, या गाडीला अ‍ॅडॅप्टिव्ह सस्पेन्शन आहे. भाऊंचा जीव त्या शब्दात अडकला.

तो शब्द जरा सोपा करतो. चाकाजवळ शॉकअप असतो. आत तेल असतं, ते बारीक भोकातून जातं आणि धक्का जिरवतं. साध्या शॉकअपमध्ये ते भोक ठरलेलं. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये विजेवर चालणारा व्हॉल्व्ह ते लहान-मोठं करतो. डॅशबोर्डवर बटन असतं. कम्फर्ट दाबलं की गाडी मऊ, स्पोर्ट दाबलं की कडक.

जुनी गाडी घेताना याची दोन अंगं बघावी लागतात. चालू असेल तर आपल्या रस्त्यांवर फार सुख. बिघडलं तर एकेक शॉकअप परदेशातून मागवायचा, आणि तोवर गाडी ताडपत्रीखाली. म्हणून मी नेहमी सांगतो, बिघडलेल्या भारी सस्पेन्शनपेक्षा धडधाकट साधं बरं. पण इथे साधं चालणार नव्हतं. इथे कंबर होती.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. अ‍ॅडॅप्टिव्ह सस्पेन्शन मी पहिल्यांदा पाहिलं ते पुस्तकात. ज्या सरांनी शिकवलं त्यांनीही ते पुस्तकातच पाहिलेलं, पण शिकवलं मात्र जीव तोडून. त्यांचे उपकार मानून मी त्या दिवशी गाडीत बसलो.

आधी स्कॅनर लावला. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये काही तक्रार नोंदलेली आहे का ते तो सांगतो. एकही एरर नव्हता. मग मेहरूणच्या बाजूला निघालो. तिकडे स्पीडब्रेकरची कमी नाही. माझी एक पद्धत होती. बटनावर आणि त्याच्या लाइटवर रुमाल टाकायचा, शेजारी एकेकाला बसवायचं, आणि रुमालाखाली हात घालून मोड बदलायचा. बदललं की नाही, ते शेजारच्याने सांगायचं. शिकवलेल्या कानापेक्षा साध्या माणसाचं बूड खरं बोलतं, असा माझा सिद्धांत.

पहिले मेहुणे बसले. रुमालाखाली माझा हात गेला की म्हणायचे, "झाली कडक! वा!" एकदा मी नुसतीच बोटं हलवली. तरी झालीच कडक.

वहिनी बसल्या. "आत्ता कशी गादीसारखी वाटली," म्हणाल्या. तेव्हा मोड स्पोर्ट होता.

प्रमोदभाऊंना तर प्रत्येक ब्रेकरवर फरक कळत होता. खोटं कशाला सांगू, थोडा मलाही कळत होता. पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं.

शेवटी आबा. सीट इतकी खाली की त्यांना बसवायला दोघं लागले. मी त्यांना आधी कम्फर्टमध्ये नेलं.

"आबा, कसं वाटतंय?"

"मस्त शे."

स्पोर्ट दाबलं. तोच ब्रेकर पुन्हा.

"आता?"

"मस्त शे. पानीवर नाव जास तशी."

"कंबर?"

"कंबर कोठे शे, समजसच नही!"

दाराच्या हँडलवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. मला वाटलं, आयुष्यभर स्वतः गाडी चालवलेला माणूस, दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग बघून घाबरत असेल.

आम्ही परत आलो तेव्हा शोरूमच्या दारात प्रमोदभाऊ उभे होते. आबांनी काच खाली घेऊन अंगठा दाखवला. भाऊंचा चेहरा असा फुलला की मी मनातल्या मनात रिपोर्ट लिहूनही टाकला.

पण लिफ्टवर गाडी चढवल्याशिवाय मी सही करत नाही. चढवली. खाली उभा राहून टॉर्च मारला आणि पुढच्या चाकाजवळची वायर शोधली. ती बॉडीतून येऊन शॉकअपमध्ये शिरायला हवी. ती अर्ध्यावरच थांबली होती. टोकाला काळी टेप, टेपच्या आत काडेपेटीपेक्षा लहान डबी. शॉकअपला वायर लावायची जागाच नव्हती. चारही चाकांना तेच.

आधीच्या कुणा मालकाने भारी शॉकअप बिघडल्यावर साधे बसवले होते. आणि गाडीच्या कॉम्प्युटरने ओरडू नये म्हणून डबी जोडली होती. ती त्याला सतत सांगत राहते, सगळं ठीक आहे. म्हणून स्कॅनर गप्प.

शेठ वाकून बघत म्हणाले, "अहो, पण बटन चालतंय ना? लाइट तर बदलते!"

"शेठ, लाइटच बदलते."

प्रमोदभाऊंनी त्या टेपला बोट लावून बघितलं. मग वळले. "आबा, तुम्ही तर मस्त म्हणत होतात. कंबर खरंच नाही दुखली?"

आबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "दुखनी ना. पहिलाच ब्रेकरले दुखनी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू इतला खुश व्हता, मी कसा सांगू?" मग माझ्याकडे वळून, "साहेब, तुमी लिखी द्या ना, चालस म्हनीसन. मी काय रोज बसनार शे का?"

"आबा," प्रमोदभाऊ म्हणाले, "तुम्हाला बसवायलाच तर घेतोय."

मेहुणे दुसरीकडे बघायला लागले. मी रिपोर्टमध्ये 'घेऊ नये' लिहिलं. आबा जीपकडे जाताना माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मते पोराची गाडी मी मोडली होती.

पुढे काही महिन्यांनी भाऊंचा फोन आला. नाशिकला त्याच मॉडेलची पांढरी गाडी आहे, चला. या वेळी मी आधी लिफ्टवर चढवली. चारही वायरी शॉकअपमध्ये शिरत होत्या. तेल गळत नव्हतं. मग जीपमधून आडवे पडूनच आलेल्या आबांना गाडीत बसवलं आणि भाऊंना पानटपरीवर पाठवलं, आबांना दिसणार नाहीत इतक्या लांब.

कम्फर्टमध्ये निघालो. आबा काही बोलले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत होते, हात मांडीवर मोकळे. दोन ब्रेकर गेले तरी त्यांनी हँडल धरलं नाही. परत वळताना मी न सांगता स्पोर्ट दाबलं.

पुढच्याच खड्ड्यावर आबा ओरडले, "मारी टाकस का रे, मुडद्या!"

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, सस्पेन्शन चालू स्थितीत आहे, प्रवाशाकडून खात्री केली. प्रमोदभाऊंनी गाडी घेतली.

तेव्हापासून मी दोन नियम पाळतो. लिफ्ट आधी, चक्कर नंतर. आणि शेजारी नात्यातला माणूस बसला असेल, तर त्याची तारीफ रिपोर्टमध्ये धरायची नाही. शिवी धरायची.