अकीकाची कुपी

वडील ट्रकवर होते. कलकत्त्याला बूट शिवणाऱ्या एका चिनी म्हाताऱ्यानं दुकान मोडताना त्यांना तपकिरीची एक जुनी कुपी दिली. मुठीत मावेल एवढी, मधाच्या रंगाच्या अकीक दगडाची. दगडात मधेच एक काळपट थर होता. कोरणाऱ्यानं नेमका तो थर धरून घोडा काढला होता आणि घोड्याच्या पाठीवर माकड. बुचाला हाडाचा इवलासा चमचा. जळोचीतल्या आमच्या घरी वडिलांनी इतकं जपलेलं दुसरं काही नव्हतं.

एकदा आईनं ती धुतली. आत पाणी राहिलं आणि तपकिरीचा चिखल झाला. वडिलांनी पाहुण्यांदेखत पुडी फोडली, आईचं डोकं धरलं आणि तपकीर तिच्या डोळ्यांत चोळली. "आता दिसंल, कशाला हात लावायचा न्हाय त्ये." पाहुण्यांनी चहा संपवला. मी आणि दादानं आईला नळाखाली धरलं.

गेल्या वर्षी वडिलांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मी सासरहून, पळसदेवहून भेटायला गेले, तेव्हा दादा खाटेसमोर कुपी धरून उभा होता.

"पाहिजे ना? मग आईची माफी मागा."

वडील डावा हात लांबवत होते. तोंडातून नुसतं "आ, आ" येत होतं, लाळ गळत होती. दादा कुपी जवळ न्यायचा, बोटं टेकायला आली की मागं घ्यायचा.

"दादा, बोलता येत न्हाय त्यांना," मी म्हणाले.

"म्हाईत हाय."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रोजचंच हाय. आत काय बी न्हाय, रिकामीच दावतो."

मला ते बघवलं नाही. पुढच्या खेपेला इंदापूरच्या बाजारातून तपकीर घेऊन गेले. दादा कारखान्यावर गेला होता. मी कुपी भरली आणि चमच्यानं चिमूटभर तपकीर वडिलांच्या नाकाशी धरली. त्यांनी ती ओढली. शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी वाहिलं, चेहरा उजळला.

मग त्यांनी आईकडं पाहिलं. डाव्या हाताचं बोट आधी कुपीवर ठेवलं, मग तिच्या डोळ्यांकडं दाखवलं आणि अर्ध्या तोंडानं हसले. खदाखदा, खाट हलेपर्यंत.



"बघितलंस?" आई म्हणाली. "तुला वाटलं, त्यांना कळत न्हाय. समदं कळतंय."

मी कुपी मोरीत उपडी केली. वडील ओरडत राहिले.

संध्याकाळी आईनं नेहमीसारखी दुधात भाकरी कुस्करली आणि त्यांना घास भरवले. तोंड मात्र पुसलं नाही. माश्या बसल्या. त्या हाकलायला मीही उठले नाही.