अण्णाच्या गाडीची डिकी

यंदा उदगिरात कुणाच्या टाकीत पाणी साचलं नाही, पण आमच्या जीप स्टँडवर किस्से भरपूर साचले. दुष्काळात पॅसेंजर कमी, जीप भरेपर्यंत दुपार होते. चहा तरी किती पिणार? मग कुणीतरी सुरू करतो, "ते आठवतंय का रे..." आणि निम्म्या वेळा निघतो तो माझ्या अण्णाच्या गाडीचा किस्सा.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, बसवराज. कावीळ होऊन गेला, ह्याच उन्हाळ्यात. गाडी राहिली.

ती आता विकायची ठरली आहे. आमची अव्वा, म्हणजे आई, म्हणते, "दारात गाडी दिसली की वाटतं बसू घरात हाय. मग मी ताट वाढून घेते." तिचं खरं आहे. पण मला गाडी द्यायची नाही. मी सातवीत शाळा सोडली, मुद्दे काढून बोलायला मला येत नाही. म्हणून स्टँडवर सांगतात तसंच सांगतो. गाडी चांगली का वाईट ते तुम्हीच ठरवा.

*

अण्णा उदगीर-देवणी काळी-पिवळी जीप चालवायचा. एक दिवस जीप विकली आणि लातूरहून सेकंडहँड लाल गाडी घेऊन आला. विकणारा तिला 'स्पोर्टी हॅचबॅक' म्हणाला होता. अण्णा तो शब्द तोंडात पेढा ठेवल्यासारखा म्हणायचा.

स्टँडवर सगळ्यात जुने ड्रायव्हर मारुतीमामा. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी मारली. मग मागं जाऊन उभे राहिले.

"बसू, बाकीची कुठाय?"

"बाकीची म्हणजे?"

"मागची अर्धी!"

*

जीप विकायचं कारण म्हणजे जिल्हा. उदगीर जिल्हा होणार, असं आम्ही कळायला लागल्यापासून ऐकतो आहोत. त्या वर्षी मात्र अण्णानं ते फारच मनावर घेतलं. "जिल्हा झाला की कलेक्टर येणार. त्याच्या मागं पन्नास साहेब येणार. साहेब लोक काळी-पिवळीत बसतील का? त्यांना एसी लागतो. गाडी आधी घेऊन ठेवली की कंत्राट आपलं!"

मामा म्हणाले, "अरे, कलेक्टर इथं येऊन आंघोळ कशानं करील?"

"लातूरचा कलेक्टर करतोच की!"

"त्याला पाणी रेल्वेनं येतंय बाबा. तू काय डिकीतून आणणार हाईस का?"

दर आठवड्याला कुणीतरी येऊन सांगायचं, झाला जिल्हा, मुंबईत सही झाली. अण्णानं दोनदा पेढे वाटले. तिसऱ्या वेळी पेढेवाल्यानंच विचारलं, "आज तरी पक्का का?"

*

जिल्हा झाला नाही, पण एक साहेब मिळाला. टँकर बघायला आलेला इंजिनियर. अण्णानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, डॅशबोर्डवर अगरबत्ती लावली, आणि मलाही पुढं बसवलं. देवणीच्या अलीकडं एका गावात पाइपलाइनसाठी रस्ता आडवा खणून वर मातीचा उंचवटा केला होता. जीप असती तर उडी मारून गेली असती. आमची गाडी मधोमध पोटावर बसली. पुढची चाकं हवेत, मागची हवेत. झोपाळ्यासारखी हलायला लागली!

साहेब उतरला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "हिचं ग्राउंड क्लिअरन्स फारच कमी आहे हो."

टँकरची वाट बघत बसलेली चार पोरं आली. "हां... हुप्पा!" करून त्यांनी गाडी उचलली आणि पलीकडं ठेवली.

अण्णा घाम पुसत म्हणाला, "साहेब, जीप अडकली असती तर जेसीबी मागवायला लागला असता. हिला चार पोरं पुरतात. फायदा बघा!"

दुसऱ्या दिवशी साहेब मारुतीमामांच्या जीपमध्ये दिसला.

*

पण चांगलं होतं ते चांगलंच होतं. पिकअप असा की पाय ठेवायच्या आधी पळायची. वळणावर रस्त्याला चिकटून जायची. ब्रेक तर असे की एकदा नळेगावच्या अलीकडं म्हैस आडवी आली आणि गाडी तिच्या नाकासमोर थांबली. म्हशीनं बॉनेट चाटलं आणि निघून गेली.

अव्वाला मात्र ती कधीच पटली नाही. सस्पेन्शन कडक. बारीक खडा आला तरी पाठीच्या मणक्याला निरोप जायचा. एकदा लातूरहून येताना अव्वा म्हणाली, "ह्यापेक्षा बैलगाडी बरी. मागं माणूस बसलाय एवढं तरी बैलाला कळायचं."

अण्णा म्हणाला, "अव्वा, ही खड्डा लपवत न्हाई. खरं बोलणारी गाडी हाय."

"मग घरात एक हाय तेवढा पुरे," अव्वा म्हणाली.

*

आता डिकीचं. अण्णानं एकदा रिव्हर्स घेताना गाडी लिंबाच्या झाडावर घातली. पोचा निघाला, पण तेव्हापासून डिकी लागेना. कितीही आपटा, वर यायची. अण्णानं तिची जागा शोधून काढली. एका ठिकाणी तळहात ठेवायचा, दाबून धरायचं, मग खटका. त्याला एकट्यालाच ते जमायचं. मामांनी गुडघा लावून बघितला. मी एकदा चिडून लाथ घातली, तर अण्णानं मलाच एक ठेवून दिली.

स्टँडच्या बाजूला सलीमभाईचं वॉशिंग सेंटर. तो अण्णाचा लहानपणापासूनचा दोस्त. पाण्याची टंचाई झाली आणि गाड्या धुवायला बंदी आली. सलीमभाई बंद पंपावर बसून विड्या ओढायचा. गाडीवर धुळीचा थर चढत गेला. अण्णाला ते बघवेना. रोज जाऊन म्हणायचा, "सलीम, धू की रे."

"थुंकून धुऊ का? पाऊस पडू दे यार, पहिली गाडी तुझी. फुकटमध्ये."

"जबान दिलीस हां!"

"दिली."

मामा लांबून ओरडायचे, "बसू, हिचा रंग कोणता होता रे?"

*

मे महिन्यात अण्णाचे डोळे पिवळे झाले. टँकरचं पाणी, दुसरं काय. तो म्हणाला, उतरेल. गावठी औषध घेतलं, भात-ताक खाल्लं. एका सकाळी त्याला उठता येईना, तेव्हा मी ऐकलं नाही. उचलून गाडीत घातला आणि लातूरला निघालो.

मागच्या सीटवर त्याला पाय पसरता येईनात. मुडपून पडला होता. त्या दिवशी मला कळलं, गाडी छोटी म्हणजे किती छोटी. खड्डा आला की तो ओठ चावायचा. मी सावकाश घेतली तर म्हणाला, "तिसऱ्या गिअरवर रडवू नको तिला. टाक टॉप."

मग मी बघितलं नाही. एसटी मागं, ट्रक मागं, ट्रॅव्हल्स मागं. ती गाडी त्या दिवशी जशी पळाली तशी कधीच पळाली नव्हती.

दवाखान्याच्या दारात तो स्वतः उतरला. डिकीतून कपड्याची पिशवी काढली. मी म्हणालो, "सोड, मी लावतो."

"तुला लागत न्हाई ती." हात ठेवला, दाबली, खटका वाजला. मग भिंत धरून आत गेला.

दोन दिवसांनी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "उशीर झाला तुम्हाला."

मी त्यांची कॉलरच धरली. "उशीर? पूर्ण रस्त्यात एक गाडी आमच्या पुढं नव्हती, डॉक्टर!"

*

आमच्यात माणसाला माती देताना बसवतात. अण्णाला बसवलं, कपाळाला विभूती लावली. सगळा स्टँड आला होता. मारुतीमामा खड्ड्याच्या कडेला उभे होते. रुमालात नाक शिंकरून म्हणाले, "ड्रायव्हर माणूस. बसूनच निघाला बघा."

पहिला मी हसलो. मग मला थांबताच येईना.

*

लातूरहून अण्णाला अॅम्ब्युलन्सनं आणलं होतं. गाडी मामा घेऊन आले आणि आमच्या दारात लावली. बऱ्याच दिवसांनी मी सहज मागं गेलो. डिकीवरच्या धुळीत हात होता. पाचही बोटं. जॅकचा दांडा लागून वाकडा झालेला अंगठा, तोसुद्धा तसाच वाकडा.

मी कुणालाच सांगितलं नाही. गाडी वळवून तिचं मागचं तोंड भिंतीकडं केलं. मधे बोट जाईल एवढीच जागा ठेवली. वारा सुटला की जाऊन भिंतीच्या कडेला उभा राहायचो. सगळे आभाळाकडं बघायचे, पाऊस येऊ दे म्हणून. मी मनात म्हणायचो, थांब, अजून थांब. आपल्याच गावाला पाणी मिळू नये असं म्हणणारा माणूस मी त्या दिवसांत होतो.

*

मामांनी गिऱ्हाईक आणलं. देवणीचे मल्लाप्पा, बैलांचे दलाल. बाजारात बैलच उरले नव्हते, म्हणून आता ते गाड्यांच्या व्यवहारात पडले होते. पण बघायची तऱ्हा तीच. बॉनेटवर थाप मारली. "छाती चांगली हाय." दिव्यांत बघितलं. "डोळं झकास." वाकून टायर बघितले. "खुरं बारीक." मग खाली डोकावले. "पोट लई खाली आलंय. गाभण हाय का?"

मी ठरवलं होतं, ह्यांना पळवून लावायचं. गाडीचे सगळे दोष सांगितले. पोटावर बसते. मागं पाय मुडपून बसावं लागतं. पाठ मोडते. पेट्रोल पाण्यासारखं पिते, म्हणजे पूर्वी पाणी प्यायचो तसं. आणि कुणी मागं हात लावू नये म्हणून थाप मारली, डिकी तर उघडतच नाही!

मल्लाप्पा माझ्याकडं बघत राहिले. मग मामांना म्हणाले, "आजवर एवढ्या जनावरांचे सौदे केले. मालक लंगडणं लपवतो, वय लपवतो. हा पहिला मालक, जो दोषच सांगतोय. ह्याला द्यायचंच न्हाई! म्हंजे जनावर अस्सल हाय. ठरलं! सोमवारी दिवस चांगला, संध्याकाळी नेतो."

"पण डिकी..."

"न्हाई उघडली तर न्हाई. मला काय तिच्यात कडबा भरायचाय?"

*

मग माझ्या डोक्यात एकच आलं. गाडी जाऊ दे, डिकीचं झाकण ठेवून घ्यायचं. मेकॅनिक म्हणाला, "दुसरं झाकण आण, अर्ध्या तासात बदलतो. नांदेडला भंगारात मिळंल." सोमवारी पहाटेच्या एसटीनं नांदेड गाठलं. सापडलं एक, पांढरं, काच नसलेलं. रंग कोण बघतो?

येताना ते झाकण मांडीवर उभं धरून मागच्या सीटवर बसलो. लोहा आलं, लोक चढले, सगळे मला वळसा घालून जायचे. कंडक्टर आला. झाकणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बाकीची गाडी मागच्या बसनं येते का?"

सगळी एसटी हसली. मीही हसलो. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटत होतं. उरलेला रस्ता मी ठरवत बसलो, झाकण घरात कुठं ठेवायचं. देवघराच्या बाजूला ठेवलं तर अव्वाला सांगावं लागलं असतं. सांगू, असंही ठरवलं.

*

दुपारी स्टँडवर उतरलो. वॉशिंग सेंटरसमोर सगळे गोळा झाले होते. मधे एक लालभडक गाडी उभी. एवढी लाल की मला आधी ओळखूच आली नाही.

सलीमभाई पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. हातात ओलं फडकं, पायापाशी दोन रिकाम्या घागरी. नगरपालिकेचा नळ दोन आठवड्यांनी त्या दिवशी सकाळी आला होता.

"नागू, आलास! बघ!" तो म्हणाला. "अव्वाकडून चावी घेतली, मामांनी गाडी आणून दिली. घरच्या दोन घागरी. बायको भांडली. म्हणलं आज भांडी राखेनं घास. बसूला जबान दिली होती, पहिली गाडी तुझी. मळकी कशी पाठवायची रे त्याची गाडी?"

मामा म्हणाले, "आज कळला बघ हिचा रंग!" आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

"मागं तर काय घाण साचली होती," सलीमभाई म्हणाला. "डिकीवर कुणाचा तरी हात उमटला होता. घासून घासून काढला."

माझ्या काखेत ते पांढरं झाकण. ते कशाला आणलं, हे कुणी विचारलं नाही.

"मस्त झाली, भाई," मी म्हणालो.

सलीमभाई डिकीपाशी गेला. त्यानं ती खाली ओढली, दाबली, आपटली. ती पुन्हा वर आली.

"आतून पुसायला उघडली, तेव्हापासून लागंना बघ," तो म्हणाला. "नागू, कुठं हात ठेवायचा रे तुझा अण्णा?"