लक्ष्मणभाऊचा परवाना

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं. तिनं विचारलं, काय हो? मी म्हणालो, पाणी दे. असं किती वेळा झालं असेल – ते जाऊ द्या.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, दुसरं काही नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी खामगावच्या एका हायस्कुलात मास्तर होतो. इंग्रजी आणि इतिहास शिकवायचो. कडक म्हणून नाव होतं. मुलं माझ्या चपलांचा आवाज ओळखत. मला ते आवडायचं – हेही कबूल करायला हवं.

त्या काळी गावात पोरांचं बिडी ओढणं फार वाढलं होतं. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीमागं, बाजाराच्या दिवशी गाड्यांच्या आडोशाला, नववी-दहावीची पोरं सर्रास ओढताना दिसायची. शाळेनं ते मनावर घेतलं. मनावर घेणारा मुख्य माणूस मी. म्युनिसिपल कमिटीपुढं जाऊन मी भाषण केलं. मुलांच्या छातीचं काय होतं, अभ्यासाचं काय होतं, सगळं सांगितलं. मेंबर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढं कमिटीनं नियम केला: बिडी-तंबाखू विकायची तर परवाना पाहिजे, आणि सोळाच्या आतल्या पोराच्या हातात माल दिला तर परवाना रद्द. नियम चांगला होता. आजही म्हणेन, चांगला होता.

आणि मी स्वतः बिडी ओढत होतो.

जबलपूरला मास्तरकीच्या ट्रेनिंगमध्ये लागलेली सवय. घरात, मागच्या खोलीत, दार लावून. भाषणाआधी मी बाजारातून स्वतः बिडी आणायचो, कोणाचं लक्ष नसायचं. भाषणानंतर मात्र सगळं गाव मला ओळखू लागलं. पानठेल्यापुढं उभं राहायची सोय उरली नाही. सोडून द्यावी? तो विचार आला होता. दोन दिवस टिकला.

मग मी विश्वनाथला पाठवलं.

विश्वनाथ माझ्या वर्गात होता. धामणगाव बढे गावच्या एका शेतकऱ्याचा पोरगा, शिकायला आत्याकडं राहायचा. हुशार होता, अन् मुख्य म्हणजे कमी बोलायचा. मी त्याला संध्याकाळी घरी फुकट शिकवायचो, त्यामुळं त्याचं येणं-जाणं कोणाला खटकत नव्हतं. का त्यालाच निवडलं? कारण तो नाही म्हणणार नव्हता. हे मला पक्कं ठाऊक होतं.

लक्ष्मणभाऊचा पानठेला आमच्याच गल्लीच्या तोंडाशी होता. नवा परवाना त्यानं काचेत बसवून देवाच्या फोटोशेजारी टांगला होता. विश्वनाथ पहिल्यांदा गेला, तेव्हा त्यानं बिडी दिली नाही. पोराला परत पाठवलं आणि दिवेलागणीला स्वतः माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मास्तर, पोरगं म्हणते तुमच्यासाठी पाह्यजे. पण मले भेव वाटते. उद्या लायसन गेलं त मी काय करू?"

मी म्हणालो, "मी आहे ना. त्याच्या हातानं पाठवत जा."

त्याला एवढंच हवं होतं. मास्तरांचा शब्द. तो हात जोडून गेला आणि त्या दिवसापासून विश्वनाथ बिडीचा कट्टा दप्तरात घालून आणू लागला. माझ्या इतिहासाच्या वहीखाली.

किती दिवस चाललं असेल? बराच काळ. इतका, की मला त्यात काही वावगं वाटेनासं झालं. वर्गात तंबाखूवर बोलताना मी विश्वनाथकडं सहज पाहू शकायचो. तोच खाली बघायचा.

मग एके दिवशी कमिटीच्या इन्स्पेक्टरनं त्याला ठेल्यापुढंच धरलं. कट्टा हातात. लक्ष्मणभाऊचा परवाना तिथल्या तिथं काढून घेतला आणि पोराला शाळेत आणलं.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. मी खोलीत शिरलो तेव्हा विश्वनाथ टेबलापुढं उभा होता. टेबलावर कट्टा. हेडमास्तर विचारत होते, कोणासाठी घेतलास? स्वतःसाठी? आत्याच्या नवऱ्यासाठी? मग त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत गयावया नव्हती. नुसता प्रश्न होता – सांगू का?

आणि मी काय बोललो? मी म्हणालो, "विश्वनाथ, खरं काय ते सांग."

तुम्हाला कळतंय ना मी काय केलं? त्याला खरं सांगायला सांगितलं, आणि डोळ्यांनी सांगितलं की सांगू नकोस. माझा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्याला दिसत होता. त्यानं तो वाचला. खाली बघून म्हणाला, "माह्यासाठी, सर."

हेडमास्तर म्हणाले, उद्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर छड्या. आणि त्या तुम्ही मारा. ही चळवळ तुमची.

मी मारल्या. हळू मारल्या असं म्हणायला मला आवडलं असतं. हळू मारल्या नाहीत. सगळी शाळा बघत होती, हेडमास्तर बघत होते, आणि हळू मारलं तर कोणाला शंका येईल असं माझ्या डोक्यात होतं. त्यानं एक हात पुढं केला, मग न सांगता दुसरा. रडला नाही. रडला असता तर मी थांबलो असतो का? नसतो थांबलो.

आठवड्यानं कमिटीपुढं लक्ष्मणभाऊची सुनावणी झाली. साक्षीला मी. लक्ष्मणभाऊ धुतलेलं धोतर नेसून आला होता. त्यानं सरळ सांगितलं, "मास्तरनंच सांगतलं होतं मले. घरी जाऊन इचारलं मी त्यायले. इचारा ना, समोरच हायेत."

दोन-तीन मेंबर हसले. अध्यक्षांनाही हसू आलं. पण रीत म्हणून त्यांनी मला विचारलं, मास्तर, हे खरं आहे?

मी म्हणालो, "नाही."

तो एक शब्द पुरेसा होता. तरी मी थांबलो नाही. म्हणालो, धंदा बुडतो तेव्हा माणूस काहीही बोलतो. त्याची कीव येते, असंही म्हणालो. लक्ष्मणभाऊ माझ्याकडं बघत राहिला, जणू ओळख पटत नव्हती. परवाना कायमचा रद्द झाला. ठेला उठला. नंतर तो जिनात कापसाच्या गाठी उचलायला जाऊ लागला. त्या वयात. रस्त्यात समोरून आला की तो मान फिरवायचा नाही. मी फिरवायचो.

विश्वनाथचे वडील त्याला घ्यायला आले. आधी माझ्या घरी आले, पागोटं काढून ओसरीवर बसले. म्हणाले, "मास्तर, पोरगं चुकलं. तुमी त्याले एवढं फुकटात शिकवलं अन् त्यानं असं केलं. माफी करा." विश्वनाथ बाहेर गाडीजवळ उभा होता. सगळं ऐकू जात होतं त्याला.

मी माफ केलं. होय – मी त्यांना माफ केलं. पोराला पुन्हा शाळेत पाठवा, असंसुद्धा म्हटलं नाही. तो गावातून जातोय याचं मला बरं वाटत होतं.

तो पुन्हा शाळेत गेला नाही. वावरातच राहिला.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नाला मला धामणगावला जावं लागलं. विश्वनाथ मांडवात भेटला. रुंद झालेला, मिशीवाला, सोबत मुलगा. तो टाळेल असं वाटलं होतं. तो जवळ आला आणि मुलाला म्हणाला, पाया पड, हे माहे मास्तर. पोरगं वाकलं, मग वर बघून विचारलं, "बाबा, यायनंच मारलं होतं का तुमाले?"

"हाव," विश्वनाथ म्हणाला. "माह्याजवळ बिडी सापडली होती."

एवढंच बोलला आणि थांबला. माझ्याकडं बघत. पुढचं वाक्य माझं होतं. तो ते माझ्यासाठी मोकळं सोडून उभा होता. मांडवात कोणाचं आमच्याकडं लक्ष नव्हतं. हेडमास्तर नव्हते, कमिटी नव्हती, माझी नोकरीही संपत आली होती. भ्यायला काहीच उरलं नव्हतं. आम्ही तिघंच होतो, आणि एका पोराला त्याचा बाप कसा होता हे सांगायचं होतं.

मी पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "खूप शीक."

विश्वनाथनं मान हलवली. पोराचा हात धरला आणि पंगतीकडं निघून गेला.