कूलरमागचा कवड्या

मंडळी, सकाळपासून मन लागून नाही राहिलं, म्हणून लिहून राहिलो.

आज शेजारच्या संध्याच्या अंगणात कूलरमागे साप निघाला. काळपट, अंगावर पांढरे पट्टे. तिनं हाक मारली, "काका, लवकर या! रविवारीच डुमन्याच्या जंगलात साप पाहून आले नं तुम्ही?"

पाहिले होते, पण बोर्डावरच्या चित्रात. मण्यार विषारी, कवड्या बिनविषारी, आणि दोघं दिसतात सारखेच, असं तिथला वनरक्षक समजावत होता. मी मात्र झाडाखाली उभा राहून शाळेतल्या कविता आठवत होतो.

"पकडणाऱ्याला फोन करू काय?" संध्यानं विचारलं. तिचा नवरा काठी धरून माझ्या तोंडाकडे पाहत होता.

वर्गात कविता म्हणायचो त्याच खणखणीत आवाजात मी म्हणालो, "मण्यार आहे!"

काठी पडली. एकदा नाही, चारदा.

घरी येऊन चष्मा लावला, मोबाइलमधला बोर्डाचा फोटो मोठा करून पाहिला. मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत गेलेले तेच पट्टे. खाली नाव होतं, कवड्या.

मघाशी संध्या शिऱ्याची वाटी ठेवून गेली. "काका, तुम्ही होते म्हणून वाचलो जी." वाटी मी तशीच झाकून ठेवली.

संध्या, तू या ग्रुपवर आहेस. बेटा, तो बिचारा कोणाचं काही बिघडवणार नव्हता. "मला नाही माहीत, फोन कर," एवढंच मला म्हणायचं होतं. मंडळी, आपल्या वयाला हे काहून जमत नाही हो?